मदत हवी आहे: मामांच्या पित्तनळीत स्टेंट, प्लॅस्टिक की मेटल?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातले. माझ्या मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालाय, गाठीनं पित्तनळी दाबली गेली आणि कावीळ झाली. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) १८, लघवी काळ्या चहासारखी, संडास पांढरट, खाज तर एवढी की रात्रभर कंगव्यानं पाठ खाजवत बसतात. नातेवाईक अजून काविळीचं गावठी औषध सुचवतायत, आता नळीच बंद आहे तर औषध काय करणार!

डॉक्टर म्हणतात ईआरसीपी करून स्टेंट टाकू, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी उघडी ठेवणारी छोटी नळी आत बसवायची. प्लॅस्टिकचा स्वस्त पण साधारण ३ महिन्यांत तुंबतो मग बदलावा लागतो, मेटलचा जाळीचा असतो, आत उघडून रुंद होतो म्हणून जास्त टिकतो पण महाग. आधी केमो की ऑपरेशन ते अजून ठरलं नाही.

मेटल टाकला तर पुढं ऑपरेशनला अडचण येते का? महात्मा फुले योजनेत कुणाचं झालंय का? सोलापूर-बार्शीत नेहमी ईआरसीपी करणारे डॉक्टर आहेत की पुण्यालाच न्यावं? स्टेंटनंतर थंडी वाजून ताप आला तर लगेच दवाखाना गाठायचा हे सांगितलंय, पण जेवणाचं कुणी बोललंच नाही, आणि मामांना कडक भाकरी-शेंगाचटणीशिवाय घास उतरत नाही. अनुभव असेल त्यांनी प्लीज लिहा.