मदत हवी आहे: लिहिता लिहिता वहीतलं 'मी' गायब होतं

महिलांसाठी चार दिवसांचा लेखन-साधना वर्ग आखतेय. दहा जणी, रोज दीड तास. सुरुवातीला १० मिनिटं अनुलोम-विलोम (कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही; नवख्यांना चक्कर येते), मग २० मिनिटं सलग हातानं लेखन. खोडायचं नाही, पेन अडलं तर शेवटचंच वाक्य पुन्हा लिहायचं.

सांगाडा मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगाचा: मनाला लागलेल्या घटनेवर चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं. त्यातही लिहून होताच मन जडच झालेलं दिसलं, फायदा पुढच्या काही महिन्यांत. म्हणून पहिल्या दिवशी रडू आलं तर मला काळजी नाही.

अडचण वेगळी आहे. वाचून दाखवायचं म्हटलं की दुसऱ्या दिवशीच 'मी गप्प बसले' याचं 'आपण बायका गप्प बसतो' होतं. वही प्रवचन देऊ लागते! ऐकणाऱ्याही लगेच 'माफ करून टाक' म्हणतात, की संपलंच. याउलट संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग बघा: नवऱ्याची मारहाण, वासराचा मृत्यू, स्वप्नात तुकोबांचा उपदेश, सगळं थेट. नमुना म्हणून तेच वाचायला देणार आहे.

असे वर्ग घेणाऱ्यांनी सांगावं: वाचन पूर्ण बंद ठेवता, की फक्त एकच ओळ वाचू देता? लिहून झाल्यावर घरी पाठवण्याआधी किती वेळ देता, आणि त्यात काय करून घेता? योगनिद्रा (आडवं पडून, सूचना ऐकत शिथिल होणं) घेतली तर काही जणी झोपूनच जातात. आणि समुपदेशकाकडे पाठवायचं कुठल्या खुणेवरून ठरवता?