रेपरेशन्सला मराठीत काय म्हणायचं? भरपाई, खंडणी, प्रायश्चित्त की अजून काही?

दांडियाबाजारकर:
मंडळींनो, एका शब्दापाशी गाडी अडलीय. इथे वडोदऱ्यात आमच्या मंडळानं कॉलेजच्या मुलांसाठी वादविवाद ठेवलाय, विषय असा की इतिहासात झालेल्या अन्यायांबद्दल आजच्या धार्मिक गटांनी रेपरेशन्स द्यावेत का. कमिटीतल्या एका तरुण मेंबरनं इंग्रजीत सुचवला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मराठी करायचं काम आलं माझ्या गळ्यात. नुकसानभरपाई लिहिलं तर गारपिटीत पीक गेल्यासारखं वाटतं, प्रायश्चित्त लिहिलं तर सगळा मामला मनातल्या मनात उरकल्यासारखा वाटतो, पैशाचा संबंधच नाही. इथले गुजराती पेपर वळतर म्हणतात, हायवेत जमीन गेली की वळतर, पण तोच शब्द खादीच्या दुकानात डिस्काउंटलाही चालतो, त्यामुळे मुलं हसतील. पत्रिका छापायला द्यायचीय, सुचवा काहीतरी.

लीलाचिवडा:
शाळेत वर्सायच्या तहात काय शिकलो आठवा. युद्धखंडणी!! 1921 ला जर्मनीवर 132 अब्ज सुवर्ण मार्क लादले त्याला आपण तोच शब्द घोकला होता, आणि त्यातले शेवटचे पैसे जर्मनीनं कधी भरले माहितीय, 3 ऑक्टोबर 2010 ला. तेव्हा शब्द आहे की, छापा बिनधास्त.

दांडियाबाजारकर:
अहो पण खंडणी म्हटलं की आता पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आठवतं. "चर्चनं खंडणी द्यावी का" असं छापलं तर उद्या मंडळावर मोर्चा येईल. शिवाय खंडणी जिंकणारा हरणाऱ्याकडून घेतो, आपल्या मराठेशाहीच्या खंडण्या काय न्यायाच्या होत्या का, घोडदळ दारात उभं राहिलं की लोक द्यायचे. इथे तर उलटं आहे, दुबळा मागतोय आणि बलवानानं द्यायचंय. युद्धापुरता ठीक शब्द, इथे नाही.

राजवाडा_इंदूर:
भिया, आमच्याकडे तर शब्दांची रेलचेल आहे. मुआवजा म्हणा, हर्जाना म्हणा, क्षतिपूर्ती म्हणा. मुआवजा सरकार देतं, हर्जाना कोर्ट बसवतं आणि क्षतिपूर्ती फक्त फॉर्मवर असते, बोलताना कोणी म्हणत नाही. घरात आम्ही मराठी बोलतो पण पैशाचं भांडण निघालं की आपोआप हर्जानाच तोंडात येतो. अजून एक भारी शब्द आहे, प्रत्यास्थापन, म्हणजे होतं तसं परत करून देणं. पण तो चालायचा नाही कारण इथल्या फॅमिली कोर्टात "दाम्पत्य अधिकारों का प्रत्यास्थापन" म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली रुसलेल्या बायकोला परत नांदायला बोलावणं, लोकांना तेच आठवणार 😀

सयाजीबाग_सकाळ:
भरपाई या शब्दावर माझा वेगळाच आक्षेप आहे. नुकसान कोणाचं धरायचं? ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद केली 1833 च्या कायद्यानं, तेव्हा सरकारनं 2 कोटी पौंड भरपाई दिली आणि ती कोणाला दिली, तर मालकांना. गुलामांना दमडी नाही. कारण कागदावर नुकसान मालकाचं झालं होतं ना, त्याची "मालमत्ता" गेली. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटनचा करदाता 2015 पर्यंत फेडत होता, म्हणजे ज्यांच्या पणज्यांना विकलं होतं ते लंडनमधले कॅरिबियन लोकसुद्धा टॅक्समधून ते फेडत होते. आपल्याकडे जमीनदारी गेली तेव्हाही भरपाई जमीनदारालाच मिळाली. तेव्हा हा शब्द बिचारा साधा वाटतो पण तो नेहमी वहीत ज्याचं नाव आहे त्याच्याकडेच जातो.

दांडियाबाजारकर:
हे चांगलं सांगितलंत ताई. मग भरपाई बाद. राहिलं प्रायश्चित्त.

जुना_वकील:
प्रायश्चित्त मनातल्या मनात उरकतं असं वर म्हटलंय ते बरोबर नाही. मनुस्मृतीत अकराव्या अध्यायात दुसऱ्याच्या घरातून किरकोळ वस्तू चोरली तर सांतपन कृच्छ्र हे कडक उपासाचं व्रत सांगितलंय, पण श्लोकात "तन्निर्यात्य" आहे, म्हणजे आधी वस्तू परत कर आणि मग शुद्धीचं बघ. ज्यूंच्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथातही तेच, माणसानं माणसाचं वाईट केलं असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय योम किप्पूर हा त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवससुद्धा ते पाप धूत नाही. बायबलमधला जक्कय जकातदार तर म्हणतो लुबाडलेलं चौपट परत करीन. आपण नंतर त्यातला परत करण्याचा भाग गाळला आणि नुसता उपास ठेवला, सोयीचं पडतं.

पण शब्द नंतर बघू, आधी हे ठरवा की ही गोष्ट दंड आहे की ऋण, कारण धर्मशास्त्रात दोघांची वारसाची वाट वेगळी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत यादीच दिलीय, "सुराकामद्यूतकृतं दण्डशुल्कावशिष्टकम् । वृथादानं तथैवेह पुत्रो दद्यान्न पैतृकम्". बापानं दारू, बाई, जुगार यापायी केलेलं कर्ज, किंवा त्याला झालेल्या दंडाची थकबाकी, मुलानं भरायची नाही. पण सरळ व्यवहारातलं कर्ज मुलाच्या डोक्यावर. इंग्रजांच्या कोर्टांनीही हा नियम चालवला, पुढे आपल्याही कोर्टांनी चालवला, आम्ही यावर दावे लढलोय. 2005 ला हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे, त्यानंतरच्या कर्जासाठी नुसतं मुलाचं पवित्र कर्तव्य एवढ्या कारणावर सावकाराला मुलामागे लागता येईनासं झालं.

आता स्पर्धेत विरोधी बाजूची मुलं हमखास म्हणणार की पणजोबांच्या पापाची शिक्षा मला का. बरोबर आहे त्यांचं, शिक्षा वारशानं येतच नाही. पण मागणारा शिक्षा मागतोय का? अमेरिकेत मेरीलँडच्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघानं, 1838 मध्ये आपल्याकडची 272 गुलाम माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली, 1 लाख 15 हजार डॉलरला, आणि त्यातला काही पैसा जॉर्जटाऊन कॉलेजची कर्जं फेडायला गेला. विकलेल्यांची नावनिशीवार यादी आहे. कॉलेज आज युनिव्हर्सिटी म्हणून उभं आहे, जेझुइट संघही आहे. इथे पाप कोणाला लागलं ही भानगडच नाही, खातं चालू आहे आणि नावं लिहिलेली आहेत. माणूस मरतो, संस्था मरत नाही, म्हणून तिचं देणंही मरत नाही. 2021 ला जेझुइटांनी त्या वंशजांसाठी 10 कोटी डॉलर उभे करायचं कबूल केलं, ते याच हिशोबानं.

लीलाचिवडा:
वकीलकाका एक नंबर. पण मग "धार्मिक गट" याचं काय? जेझुइट म्हणजे संस्था झाली, तिचं ऑफिस आहे, ट्रस्ट आहे. सगळे ख्रिश्चन म्हणजे काही संस्था नाही ना, केरळातल्या एखाद्या मासेमाराचा मेरीलँडशी काय संबंध.

सयाजीबाग_सकाळ:
हे आपल्या गावातच घासून बघा ना. बाबासाहेब 1917 ला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून शिकून इथे नोकरीला आले, सयाजीरावांच्या स्कॉलरशिपचा करारच होता दहा वर्षं सेवा करायची. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशी विश्रामगृहात राहिले, तर कळल्यावर डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. मग एका हिंदू मित्राकडे गेले, तो म्हणाला तू आलास तर घरचे नोकर निघून जातील. मग एका ख्रिस्ती मित्राकडे, नवराबायको दोघं मूळचे ब्राह्मण, तिथेही बायकोच्या सोवळ्यापुढे काही चाललं नाही. शेवटी कमाटीबागेत बसून रात्रीची मुंबईची गाडी पकडली. आज तिथे संकल्पभूमी हे त्याचं स्मारक आहे, दरवर्षी 23 सप्टेंबरला गर्दी असते. तीन धर्म झाले एका दिवसात. आता सांगा कोणता गट देणं लागतो? पारशांच्या अंजुमननं द्यावं? चर्चनं? आणि संस्थान तर स्कॉलरशिप देणारं, चांगलं वागलेलं, पण शहर त्याचंच.

राजवाडा_इंदूर:
ताई इथे तर पैशाचा हिशोबच लागत नाही. काढून घेतलं काय, तर एक खोली. आणि बाकी जे घेतलं त्याला भावच नाही.

जुना_वकील:
म्हणूनच मी म्हणतो गट हा शब्द विषयातून काढा. जन्मानं मिळालेल्या धर्माला खातेवही नसते. देवस्थानाला असते, मिशनला असते, मठाला असते, वक्फला असते. आपल्या कायद्यात देवाची मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावू शकते. मग जिच्या नावावर घेणं असू शकतं तिच्या नावावर देणंही असू शकतं. ज्या देवळाच्या जमिनी पिढ्यान्पिढ्या महारामांगांनी वेठीनं कसल्या आणि ज्याच्या दारात त्यांना उभं केलं नाही त्या देवळाचा हिशोब मांडता येतो, "हिंदू समाजाचा" नाही मांडता येत.

रावपुरा_टॉवर:
हे सगळं ठीक पण मंदिरं पाडली त्याचं रेपरेशन कोण देणार ते बोला की. त्यावर सगळे गप्प.

जुना_वकील:
गप्प कशाला. 9 नोव्हेंबर 2019 चा अयोध्येचा निकाल वाचा, दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. त्यात कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की मोगल राज्यकर्त्यांनी केलेल्या कृत्यांवरून आज दावे चालवता येणार नाहीत. आणि त्याच निकालात, 1992 ला मशीद पाडली ती चूक होती, तिचं निवारण व्हायला हवं म्हणून घटनेचं 142 कलम वापरून सुन्नी वक्फ बोर्डाला 5 एकर जमीन द्यायला सांगितली. जुन्या राजाचं दायित्व चालवायला कोर्ट तयार नाही, पण स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या डोळ्यादेखत झालेल्या गोष्टीचं देणं कबूल. पटो न पटो, रेघ कुठे मारली ते दिसतं. 1991 च्या प्रार्थनास्थळांच्या कायद्यानं अयोध्या सोडून बाकी ठिकाणी 15 ऑगस्ट 1947 ला जे होतं तेच राहील अशी रेघ मारलीय तीसुद्धा अशीच.

रावपुरा_टॉवर:
रेघ नेहमी आपल्या सोयीच्या जागी मारतात.

जुना_वकील:
सगळेच मारतात, म्हणून तर वादविवाद ठेवायचा.

दांडियाबाजारकर:
हा धागा इथेच थांबवूया प्लीज, नाहीतर शब्द राहील बाजूला. मी विचार केला, "देणं" हाच शब्द बरा. देणं लागतो हे आजीपासून सगळ्यांना कळतं, वाण्याचं देणं, दूधवाल्याचं देणं. त्यात पाप नाही, उपकार नाही, फेडलं की मोकळं. आणि देणगीपासून वेगळं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चर्च ऑफ इंग्लंडचंच बघा, त्यांचा पैसा सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सना शोध लागला की 1704 ला सुरू झालेला त्यांचा जुना फंड साउथ सी कंपनीत गुंतवला होता आणि ती कंपनी गुलामांची वाहतूक करायची. 2023 च्या जानेवारीत त्यांनी 10 कोटी पौंड बाजूला काढायचं जाहीर केलं, पण व्यक्तींना पैसे नाहीत, गुंतवणूक आणि अनुदानं. अनुदान म्हटलं की देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा अर्ज घेऊन उभा. देणं म्हटलं की देणारा खाली येतो. कॅनडातही तेच झालं, आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवायचे त्यांबद्दल 2006 च्या करारात कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर गोळा करायचा "शक्य तितका प्रयत्न" करायचं ठरलं आणि जमले 40 लाखांच्याही आत. वाण्याला कोणी सांगतं का की तुमची उधारी फेडायचा शक्य तितका प्रयत्न करतो?

लीलाचिवडा:
सांगतात की, आमच्या दुकानात येऊन बघा 😂

सयाजीबाग_सकाळ:
देणं चालेल पण एक त्रुटी आहे, देणं फिटतं. कॅनडात ज्या आयांची पोरं शाळेतून परतलीच नाहीत त्यांना फिटलं म्हणून सांगणार का? पोप 2022 ला तिथे जाऊन माफी मागून आले, ती काही देण्यात बसत नाही. दोन शब्द ठेवा, माफी वेगळी, देणं वेगळं, आणि मुलांना सांगा एकाच्या बदल्यात दुसरं चालणार नाही.

दांडियाबाजारकर:
पत्रिकेत दोन शब्द मावणार नाहीत ताई, ते परीक्षकांच्या सूचनेत टाकतो. फायनल असं करतोय: "पूर्वीच्या अन्यायांचं देणं आजच्या धर्मसंस्था लागतात का?" गटच्या जागी धर्मसंस्था, वकीलकाकांच्या सांगण्यावरून.

जुना_वकील:
लागतात की लागत नाहीत हे मुलं ठरवतील, पण "आजच्या" काढा. संस्था तीच असेल तर आजची आणि कालची कुठून आली.

दांडियाबाजारकर:
काढलं. आता कमिटीत पास झालं की छापायला देतो, तो तरुण मेंबर म्हणतोय इंग्रजीच ठेवू 🙏