मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा हंगामात तुटू नये म्हणून नक्की काय करावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत एज्युकेशन ऑफिसर आहे. ऑफिस शहरात, पण माझं निम्मं काम पंढरपूर, माढा, करमाळा या पट्ट्यात, म्हणजे उजनीचं पाणी आलं आणि बघता बघता सगळा ऊस झाला तो भाग. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायला लागतील आणि त्याआधी मला या वर्षीचा प्लॅन लिहून द्यायचाय, म्हणून हा धागा. शिक्षक, संस्थावाले, साखर कारखान्यात काम केलेले, स्वतः ऊसतोड घरातून शिकून पुढे आलेले, ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

आधी काय होतं ते सांगते. नवरा-बायकोचा एक कोयता (म्हणजे तोडीला दोघांची मिळून एक जोडी), मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, ती फेडायची म्हणून दोघंही पहाटे फडात, म्हणजे तोडीच्या उसात. मूल गावी ठेवायला कोणी नसलं की ते बरोबर येतं. इथे आल्यावर आम्ही आणि शाळेचे गुरुजी मिळून कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) जातो, सहा ते चौदा वयाची मुलं शोधतो, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवतो. कायद्याचं म्हणाल तर काही अडत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघायची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलीय, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्गात बसवून मागे राहिलेलं भरून काढायची सोय पण आहे. महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे, मूळ शाळेनं ते मुलाच्या हातात द्यायचं आणि नव्या शाळेनं ते बघून बसवून घ्यायचं.

पण प्रत्यक्षात कार्ड घेऊन येणारी मुलं फार थोडी. टोळी निघते ती मुकादमाचा फोन आला की रातोरात, तेव्हा शाळेत जाऊन कार्ड कोण मागणार? मग इथल्या गुरुजींना पोरगं चौथीतलं की दुसरीतलं हेच कळत नाही. वय बघून चौथीत बसवलं तर त्याला जोडाक्षर वाचता येत नाही, तेवढ्यात टोळी पुढच्या गावाला हलते, आणि मार्च-एप्रिलमध्ये ते घरी परत जातं तेव्हा तिथल्या पटावर त्याचं नाव असतंच, म्हणजे कागदावर ते वर्षभर शाळेत होतं.

माझी खरी अडचण इथेच आहे. आमचा फंडर परदेशातला आहे, त्यांच्या रिपोर्टमध्ये इंडिकेटर आहे एन्रोलमेंटचा, किती मुलं दाखल झाली. तो आकडा दरवर्षी छान दिसतो. मला तो आकडा नकोय असं नाही, त्यावरच पुढचा निधी येतो, पण जे मूल डिसेंबरात ज्या धड्यावर होतं त्याच धड्यावर जूनमध्ये पण असेल तर आपण काय केलं? मला या वर्षी आग्रहानं मांडायचंय की दाखल किती झाली यापेक्षा दोन्ही शाळांमध्ये मिळून मूल किती पुढे गेलं ते मोजा. आमच्या प्रोग्राम मॅनेजर मॅडमना पटलंय, पण त्या म्हणतात की मोजणार कसं ते लिहून आण, नुसती तळमळ प्रपोजलमध्ये बसत नाही. त्यांचं बरोबर आहे.

दुसरी अडचण लहान भावंडांची. गेल्या हंगामात एका कोपीपाशी साधारण दहा वर्षांची मुलगी बघितली, कडेवर दीड वर्षाचा भाऊ, एका हाताने त्याला सावरत दुसऱ्या हाताने चुलीत पाचट सारत होती, भात शिजत होता. तिला विचारलं शाळेत येणार का, तर म्हणाली याला घेऊन येऊ का. गुरुजी चांगले होते, म्हणाले आण की. आली ती, पण बाळ रडलं की वर्गाबाहेर, आणि दोन-चार दिवसात यायची बंद झाली. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचं मूल बसवता येतं, पण त्याच्या आतलं बाळ कोणाकडे ठेवायचं? मुलगे निदान येतात तरी, या मुली मात्र सगळ्यात आधी सुटतात आणि रिपोर्टमध्ये त्या 'दाखल' म्हणूनच राहतात.

तर प्रश्न असे की मूळ शाळा आणि इथली शाळा यांच्यात मुलाची माहिती पोचवायचं कोणी जमवलंय का आणि कसं, संस्थेने कोप्यांवर स्वतःचा वर्ग काढावा की जिल्हा परिषद शाळेतच जोर लावावा, आणि लहान बाळांचं काय करावं. बऱ्याच मुलांच्या घरी बंजारा बोली आहे, त्यावर पण कोणी काही करून बघितलं असेल तर सांगा.

प्रतिसाद (शिक्षक, बीड जिल्हा):
ताई, आमच्याकडून निघतात त्याच गावात मी आहे म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे मुलं येऊच नयेत यासाठी हंगामी वसतिगृह हा उपाय आहे, जेवण शाळेत आणि झोपायला आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे, शाळा व्यवस्थापन समिती चालवते. वेळेवर सुरू झालं तर बरीच मुलं थांबतात, उशीर झाला तर आईबाप घेऊन जातात आणि मग कोणी परत आणून सोडत नाही. तुमची संस्था मोठी आहे, तर तुमच्या बीडच्या लोकांना सांगून ते दसऱ्याआधी सुरू होईल यासाठी पाठपुरावा करा. कार्डाचं म्हणाल तर टोळी निघायच्या वेळी कोणी मागत नाही हे खरंय, म्हणून मी आता सहामाही परीक्षेनंतर ज्यांच्या घरी उचल घेतलीय त्या सगळ्यांची कार्डं आधीच लिहून आईच्या हातात देतो. कार्डावर मूल अक्षर वाचतं, शब्द वाचतं, परिच्छेद वाचतं की गोष्ट वाचतं एवढं एका शब्दात लिहितो, आणि बेरीज-वजाबाकी. तुम्हाला मोजायचंय ना, हेच मोजा, येताना आणि जाताना.

प्रतिसाद (पूर्वी साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेवर, काम केलेली):
आधी तुमचं सेंटर, म्हणजे तिथल्या टोळ्यांची ऊस वाहायची पद्धत, कुठलं ते बघा. गाडी सेंटर असेल तर बैलगाडीवाले कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर एका जागी राहतात, तिथे वर्ग काढला तर चालतो. डोकी सेंटर असेल, म्हणजे ऊस डोक्यावर वाहून गाडीत भरणारे, तर टोळी फड संपला की हलते, तिथे आपला वर्ग काढून उपयोग नाही, सरळ गावातली शाळाच धरायची आणि टोळी हलली की पुढच्या केंद्रप्रमुखांना फोन करायचा. दोन्हीला एकच प्लॅन लावला की फसतं, आमच्यावेळी लोक हेच करायचे. शाळा लांब असेल तर वाहतुकीची मागणी लावून धरा, आपल्या राज्याच्या शिक्षण हक्क नियमात पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतर धरलंय. बाळांसाठी म्हणाल तर बऱ्याच टोळ्यांबरोबर एखादी वयस्क बाई असते, कंबर गेलेली, तोडीला न जाणारी. तिला रोजाप्रमाणे मानधन द्या, एक ताडपत्री, पाणी, खाऊ, आणि बाळं तिच्याकडे. बाहेरची बाई ठेवली तर आया बाळ देत नाहीत, टोळीतलीच पाहिजे. ती बंजारा असेल तर मुलांना शाळेत सोडायला पण तिलाच न्या, पहिले काही दिवस गुरुजी काय म्हणतात ते ती त्यांच्या बोलीत सांगते, मुलं लवकर रुळतात.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. गाडी सेंटर आणि डोकी सेंटर वेगळं लिहायचं हे माझ्या प्लॅनमध्ये नव्हतंच, उद्याच मॅडमशी बोलते. टोळीतल्या आजीचं मानधन कुठल्या बजेट हेडमध्ये टाकता येईल ते पण बघते, बहुतेक कम्युनिटी व्हॉलंटियरमध्ये बसेल. सर, अजून एक विचारायचं होतं, आम्ही इथे मुलाची पातळी तपासून परत जाताना कार्डावर लिहून दिली तर तिकडचे शिक्षक ती धरतात का, की जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून?

प्रतिसाद (शिक्षक, बीड जिल्हा):
फोन आला तर धरतात, नुसता कागद आला तर खरं सांगायचं तर पिशवीतच राहतो. टोळी निघायच्या आठवड्यात मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा, युडायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) असला तर शाळा लगेच सापडते. आणि यादी करताना मुलाचं शाळेतलं नाव, आईचं नाव आणि मुकादमाचा मोबाईल तिन्ही लिहून घ्या. घरी पोराला एक नाव, शाळेत दुसरं, त्यामुळे एकच मूल दोन यादीत दोन होऊन बसतं.