हॅमस्टरचा पिंजरा, त्याचा वास आणि स्वच्छता : नाशिककरांचे अनुभव

हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) असलेल्या घरी पाहुणा आला की तो त्या प्राण्याचे नाव विचारण्याआधी बहुधा 'याचा वास नाही का येत?' असेच विचारतो. घरातील ज्येष्ठांचा पहिला आक्षेपही तोच असतो. एवढ्या एका कारणाने मुलांनी हौसेने आणलेला जीव बाल्कनीत जातो, आणि तेथून पुढे कोणाला तरी देऊन टाकला जातो, हे मी ओळखीच्या घरांत पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते. नाशिकच्या हवेत, आपल्या घरांच्या रचनेत आणि येथे मिळणाऱ्या वस्तूंमध्ये आपण पिंजरा कसा स्वच्छ ठेवता, काय उपयोगी पडले आणि काय नाही, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. वर आपल्या भागाचे नाव लिहावे. सुरुवात मी करते.

कॉलेज रोड

आमच्याकडे सीरियन जातीचा नर आहे. हा प्राणी स्वतः अतिशय टापटिपीचा असतो. जागा झाला की पुढच्या दोन पायांनी तोंड, कान, पोट बराच वेळ साफ करत बसतो. 1930 साली सीरियातील अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादीच्या पिलांपासून आजचे बहुतेक पाळीव सीरियन हॅमस्टर आले आहेत. मूळ प्रदेश कोरडा असल्यामुळे हा जीव शरीरातले पाणी जपून वापरतो आणि त्याचे मूत्र थोडे पण फार दाट असते. त्यातील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि नाकाला झोंबतो तो हा अमोनिया. आपल्याला तो दारातून जाणवतो. त्याचे नाक तर पिंजऱ्यात अंथरलेल्या ओल्या भुशापासून (म्हणजे बेडिंगपासून) वीतभर अंतरावर असते, आणि सतत अमोनिया हुंगल्याने त्याच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. म्हणून वासाचा प्रश्न हा पाहुण्यांपेक्षा त्याच्या प्रकृतीचा आहे, असे मी मानते.

सुदैवाने बहुतेक हॅमस्टर लघवीसाठी एकच कोपरा ठरवून घेतात. आमच्या नराने पाण्याच्या बाटलीच्या विरुद्ध दिशेचा कोपरा धरला आहे. तेथे मी चिनी मातीची जड, पसरट ताटली ठेवून तिच्यात स्वच्छ, कोरडी, जाडसर वाळू घातली. त्याने ती दोन्ही कामांसाठी स्वीकारली : एका कडेला लघवी, उरलेल्या भागात लोळून अंग साफ करणे. रात्री तो जागा झाला की मी जुन्या चहाच्या गाळणीने ती वाळू चाळते. ओल्या वाळूचे हरभऱ्याएवढे गोळे गाळणीत राहतात, ते टाकून देते आणि तेवढीच नवी वाळू घालते. ताटलीच्या तळाशी कालांतराने पांढरे, खरखरीत कीट धरते. ते मूत्रातील कॅल्शियमचे असते आणि साबणाने हलत नाही. पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन ताटली थोडा वेळ भिजवली की ते सुटते. नंतर गरम पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून ती परत ठेवते. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ मात्र कधीही घालू नये. त्याने अंगावरचे नैसर्गिक तेल जाते, शरीर गारठते आणि प्राणी घाबरतो. लोळण्यासाठी बाजारात मिळणारी पिठासारखी बारीक डस्ट पावडरही नको, कारण ती फुप्फुसात जाते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात, बुटक्या जातींमध्ये ती पोटावर असते. भिंतीला अंग घासत तो आपल्या घरावर स्वतःचा गंध उमटवतो. दर आठवड्याला सगळा भुसा टाकून पिंजरा साबणाने लख्ख धुतला, तर त्याच्या दृष्टीने त्याचे घरच नाहीसे होते, आणि तो अस्वस्थ होऊन दुप्पट जोमाने गंध लावू लागतो. त्यामुळे अति धुण्याने वास कमी न होता वाढतो. मी रोज फक्त ओला भाग काढते आणि काही आठवड्यांनी सुमारे एक तृतीयांश बेडिंग बदलते. बदलताना घरट्यातील कोरडे, जुने बेडिंग नव्यात मिसळते. बेडिंगचा थर 20 ते 25 सेंटीमीटर जाड ठेवला आहे. जाड थरात ओल एकाच जागी राहते, पसरत नाही, आणि त्याला बिळे खणायला मिळतात.

सातपूर

ताई, आपल्या मताशी मी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडतो. दुकानात जे छोटे, रंगीत, तारेचे पिंजरे देतात, त्यांच्या ट्रेमध्ये बोटभरसुद्धा भुसा मावत नाही. अशा पिंजऱ्यात महिनाभर थांबायचे म्हटले तर तिसऱ्या दिवशी घरात बसवणार नाही. वारंवार धुण्याची गरज तेथे पिंजऱ्याच्या आकारामुळे निर्माण होते. तळाची जागा किमान 100 बाय 50 सेंटीमीटर असावी, असे जाणकार सांगतात. आम्ही प्लॅस्टिकची मोठी साठवणुकीची पेटी घेऊन तिच्या झाकणाचा मधला भाग कापला आणि तेथे बारीक चौकोनांची लोखंडी जाळी नटबोल्टने बसवली. एका बाजूलाही जाळी ठेवली, कारण हवा खेळली नाही तर बंद पेटीत अमोनिया कोंडून राहतो. खर्च तयार पिंजऱ्यापेक्षा कमी आला आणि वासाची तक्रार जवळपास संपली.

आणखी एक जागा तपासावी : पळण्याचे चाक. बरेच हॅमस्टर पळता पळताच लघवी करतात आणि ती चाकाच्या आतल्या खाचांमध्ये सुकते. कोपरा कोरडा असूनही वास येत असेल तर चाक हुंगून पाहावे. प्लॅस्टिकचे चाक गरम पाण्याने पुसता येते, रंगरोगण नसलेले लाकडी चाक मात्र मूत्र शोषून घेते.

इंदिरानगर

बेडिंगबद्दल लिहिते. वखारीतून किंवा सुताराकडून फुकट मिळणारा भुसा आणावा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. त्या भुशात सागवान, प्लायवूड, डिंक, पॉलिश असे सर्व काही मिसळलेले असते, म्हणून आमच्या पशुवैद्यांनी त्याला स्पष्ट नकार दिला. देवदार किंवा कच्च्या पाइनचा भुसा तर सुवासिक असतो म्हणून लोक मुद्दाम घेतात. त्याचा सुवास ज्या बाष्पनशील द्रव्यांमुळे असतो, त्यांनी या लहान प्राण्याच्या श्वासनलिकेला व यकृताला अपाय होतो. लव्हेंडरचा वास लावलेले बेडिंग त्याच कारणाने टाळावे. मक्याच्या कणसाचे दाणेदार बेडिंग कोरड्या दिवसांत ठीक वाटते, पण ओल लागली की त्याला बुरशी येते. आम्ही बिनवासाचे कागदी बेडिंग वापरतो, आणि ते मिळाले नाही तर साधे पांढरे टिश्यू पेपर हाताने फाडून घालतो. घरट्यासाठी कापूस कधीही देऊ नये. त्याचे धागे पायाला गुंडाळले जाऊन रक्तपुरवठा थांबतो, आणि गालातल्या पिशवीत किंवा पोटात अडकले तर जिवावर बेतते.

जुने नाशिक

आमचे घर जुन्या वाड्यात आहे. जाड भिंती, लहान खिडक्या, आणि आषाढ-श्रावणात भिंतींना येणारी ओल. पावसाळ्यात आमच्याकडे पिंजऱ्याचा वास उन्हाळ्याच्या कितीतरी पट जाणवतो, कारण बेडिंगमधली ओल उडतच नाही आणि मूत्राच्या वासात बुरशीचा कुबट वास मिसळतो. त्यावर आम्ही केलेली व्यवस्था अशी : पिंजरा भिंतीपासून हातभर दूर, लाकडी टेबलावर ठेवला आहे, जमिनीवर कधीच ठेवत नाही. नवे बेडिंग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असते, आणि ऊन पडले की तो डबा उघडून बेडिंगला ऊन दाखवतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिजलेला भाग सकाळी आणि रात्री असा दोनदा काढतो. काकडीसारखी पाणीदार भाजी या दिवसांत देत नाही, म्हणजे लघवीही कमी होते.

पावसाळ्यात मुंग्यांचाही त्रास होतो. साठवलेल्या दाण्यांच्या वासाने त्यांची रांग लागते. मुंग्यांचा खडू किंवा पावडर पिंजऱ्याच्या आसपास अजिबात वापरू नये, कारण ते कीटकनाशक आहे. आमच्या आजी पूर्वी दुधाच्या कपाटाला जे करत तेच आम्ही केले : टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

पंचवटी (एक प्रश्न)

आमच्याकडे फरशी फिनाइलने पुसतात. त्याच पाण्याने पिंजऱ्याचा ट्रे पुसला तर चालेल का? अगरबत्तीने वास झाकता येईल का?

कॉलेज रोड

दोन्ही कृपया करू नका. फिनाइलमधील द्रव्ये अशा लहान प्राण्यांना विषारी ठरू शकतात, आणि अगरबत्ती, डासांची कॉइल, डांबराच्या गोळ्या व रूम फ्रेशनर हे सर्व त्याच्या फुप्फुसाला बाधक आहे. ब्लीचबद्दल विशेष सांगते. मूत्राच्या अमोनियावर ब्लीच पडले तर क्लोरामाइनची विषारी वाफ तयार होते, आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. त्याचा धोका आपल्यालाही आहे. ट्रेसाठी गरम पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि व्हिनेगर एवढे पुरते.

सिडको

आमच्या घरी वासाचे मूळ अन्नात सापडले. कोपरा कोरडा, चाक स्वच्छ, तरी आंबूस वास जात नव्हता. घरट्याच्या मागे बिळात हात घातला तेव्हा काळपट, चिकट झालेली कोथिंबिरीची काडी आणि द्राक्षाचे आंबलेले अर्धुक निघाले. हॅमस्टर गालांत भरून अन्न नेतो आणि साठवतो. दाणे टिकतात, ओली भाजी सडते. तेव्हापासून ओला खाऊ आम्ही आपल्या बोटाच्या नखाएवढाच देतो आणि तो समोर खाल्ला का, हे पाहतो. रोज संध्याकाळी साठ्याची जागा हलक्या हाताने उघडून फक्त ओले तेवढे काढतो. कोरडे दाणे तेथेच राहू देतो, नाहीतर तो बिचारा घाबरून पुन्हा पुन्हा साठा करत राहतो.

द्राक्षांच्या हंगामात घरात पेटी असतेच आणि मुलांना त्याला देण्याचा मोह होतो. बागेत फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे नीट धुऊन, लहानशी फोड, तीही क्वचित द्यावी. बुटक्या जातींना मधुमेहाचा धोका असल्याने त्यांना गोड फळ न दिलेलेच बरे. त्यांच्या मूत्राला गोडसर वास येऊ लागला तर तपासणी करून घ्यावी. आणि आपल्या जिल्ह्यात घरोघरी भरलेला असतो तो कांदा, तसेच लसूण, त्याला मुळीच देऊ नये.

महात्मानगर

ज्यांच्याकडे मादी आहे त्यांच्यासाठी थोडेसे. साधारण दर चौथ्या दिवशी संध्याकाळी ती माजावर येते आणि तेव्हा कस्तुरीसारखा तीव्र दर्प येतो. दुसऱ्या दिवशी पांढरट, चिकट स्रावही दिसतो. हे नैसर्गिक आहे, त्यासाठी पिंजरा धुण्याची गरज नाही. मात्र स्राव चार दिवसांच्या चक्राबाहेर टिकला, त्यात रक्त दिसले किंवा पोट फुगले, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

नाशिकरोड

मला एका वेगळ्या वासाबद्दल लिहायचे आहे, कारण तो ओळखता आला तर जीव वाचतो. आमच्या मुलीसाठी आणलेले पिलू घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. एका संध्याकाळी पिंजऱ्याजवळ अमोनियाचा नव्हे, तर सडल्यासारखा अत्यंत घाण वास आला. पिलू कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसले होते, डोळे अर्धवट मिटलेले, आणि शेपटीभोवतीचे केस ओले व पिवळसर. मुलगी म्हणाली, 'बाबा, हे रोज असं बसत नाही.' आम्ही त्याच रात्री पशुवैद्यांना गाठले. त्यांनी 'वेट टेल' (ओली शेपटी) असे निदान केले. लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या जिवाणूमुळे होणारा हा आतड्यांचा आजार असून तीन ते दहा आठवड्यांच्या पिलांना आईपासून तोडल्याच्या व प्रवासाच्या ताणात तो विशेषकरून होतो. दोन दिवसांतही पिलू दगावू शकते. त्वचेखाली सलाइन आणि प्रतिजैविके दिली, आणि आमचे पिलू बरे झाले. डॉक्टरांनी सांगितले की रात्री आणले म्हणून निभावले.

वर जुने बेडिंग राखण्याचा जो नियम आला आहे, त्याला हा अपवाद आहे. अशा आजारानंतर सगळे बेडिंग, पुठ्ठ्याची व लाकडी खेळणी टाकून द्यावीत, पिंजरा व चाक निर्जंतुक करून पूर्ण वाळवावे, आणि स्वच्छता करणाऱ्याने हात साबणाने धुवावेत.

गंगापूर रोड

माझ्या गरोदरपणात पिंजऱ्याचे सर्व काम माझ्या यजमानांनी घेतले. हॅमस्टरच्या मूत्रातून व विष्ठेतून लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस नावाचा विषाणू पसरू शकतो आणि तो गर्भाला घातक ठरतो, असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते. प्राणी घरातून काढण्याची वेळ आली नाही. मी पिंजऱ्यात हात घालत नसे, एवढेच.

देवळाली कॅम्प

हिवाळ्याचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांच्या खाली जातो, खिडक्या बंद राहतात आणि खोलीत वास साठतो. तरी या दिवसांत पिंजरा बाल्कनीत ठेवू नये. फार थंडीत हॅमस्टरचे शरीर गार पडून तो निपचित होतो आणि मेला असे समजून लोक त्याला टाकूनही देतात. आम्ही दुपारी तासभर खिडकी उघडतो, तेवढा वेळ पिंजरा दुसऱ्या खोलीत नेतो. घरट्यातील बेडिंगला हिवाळाभर हात लावत नाही, कारण त्याची ऊब त्याने स्वतः रचलेली असते. मादी व्यालेली असेल तर ऋतू कोणताही असो, दोन आठवडे केवळ ओला कोपरा काढावा. घरटे विस्कटले तर ती पिले खाऊ शकते.

काढलेल्या बेडिंगचे काय करता, असे मला शेजाऱ्यांनी विचारले होते. कागदी बेडिंग आम्ही सुक्या पानांसोबत खतात घालतो आणि ते खत गुलाबाला देतो, भाजीच्या कुंड्यांना देत नाही. आजारी प्राण्याचे बेडिंग मात्र खतात न घालता कागदात गुंडाळून, पिशवी बांधून घंटागाडीत देतो.