नीट धुतलेला कार्बन शिसं कमी का धरतो?

काजळी:
भुईमुगाच्या टरफलांपासून सक्रिय कार्बन (पाण्यातले विरघळलेले पदार्थ धरून ठेवणारा बारीक छिद्रांचा कोळसा) करतेय. टरफलांचा आधी कोळसा केला, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून नायट्रोजनमध्ये ७०० अंशांना दीड तास ठेवला. पहिली बॅच दोनदाच धुतली. ५० पीपीएम शिशाच्या द्रावणात टाकली, तर दोन तासांनी १ पीपीएमसुद्धा उरलं नाही. इतका आनंद झाला की लगेच गाइडना आलेख पाठवला. दुसरी बॅच सहा वेळा धुतली, बाकी सगळं तेच, आणि या वेळी २० पीपीएम शिल्लक! आठवडाभर दुसरं काही सुचत नाहीये. कार्बन बिघडला का?

विहीर:
शेवटचा पीएच मोजलास का? सुरुवातीचा नाही, कार्बन गाळून काढल्यावरचा. दोन धुण्यांत अल्कली, म्हणजे तुझं उरलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जात नाही, छिद्रांत दडून बसते आणि नंतर द्रावणात उतरते. पीएच चढला की शिशाचा हायड्रॉक्साइड होऊन अवक्षेप पडतो, तो गाळणकागदावर अडकतो आणि श्रेय कार्बनला मिळतं. कार्बन न टाकता त्याच पीएचला शिशाचं द्रावण गाळून बघ.

कण:
विहीरशी सहमत. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धू, मग धुवणाचा पीएच स्थिर होईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने. चाचणी पीएच ५ च्या आसपास घे. पीएच २ पर्यंत खाली नेलास तर हायड्रोजन आयन शिशाची जागा अडवतात. आणि नुसत्या पृष्ठफळाच्या आकड्यावर जाऊ नकोस. शिशाला धरून ठेवतात ते पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट, विशेषतः कार्बॉक्सिल.

काजळी:
मोजलं. पहिल्या बॅचचा पीएच ९.८, दुसरीचा ५.४. कार्बनशिवाय ९.८ ला नेऊन गाळलं, तर शिसं जवळजवळ सगळं कागदावरच राहिलं. म्हणजे ते ९८ टक्के कार्बनचे नव्हतेच. वाईट वाटलं, पण आलेख आज मागे घेतला. दुसऱ्या बॅचचे ६० टक्के मात्र खरे दिसताहेत, आणि तेही टाकून द्यायच्या टरफलांतून! आता ०.१ मोलर नायट्रिक आम्लात शिसं परत सुटतं का, तोच कार्बन पुन्हा किती वेळा चालतो, ते बघते.

विहीर:
नक्की बघ. फक्त ते आम्ल सिंकमध्ये ओतू नकोस, पाण्यातून काढलेलं शिसं त्यातच असेल. झाकणाच्या बाटलीत, लेबल लावून ठेव.