मदत हवी आहे: कॅसँड्रातली रो कॅशे वाढवू की काढून टाकू?

नमस्कार मंडळी,

पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत डेटाबेसचं काम बघतो. 'माझं पार्सल कुठवर आलं' या पानामागे कॅसँड्रा ३.११ (अनेक मशीनवर पसरलेला डेटाबेस) आहे. १२ नोड (मशीन), रेप्लिकेशन ३ (प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती), लोकल क्वोरम (तिघांतल्या दोघांनी उत्तर दिलं की पुरे). दर नोडवर १२८ जीबी रॅम. त्यात हीप (जावाची स्वतःची मेमरी) ३१ जीबी, रो कॅशे (वाचलेल्या ओळी रॅममध्ये धरून ठेवणारी जागा) २० जीबी. डेटा नोडमागे साधारण ९०० जीबी, डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडी).

टेबल साधं आहे. पार्टिशन की (नोंदींचे गट ज्यावरून पडतात ती) म्हणजे पार्सल नंबर, क्लस्टरिंग (गटातला क्रम) स्कॅनच्या वेळेवर, ताजी नोंद आधी. एका पार्सलच्या पंधरा-वीस नोंदी, प्रत्येक जेमतेम ३०० बाइटची. बहुतेक क्वेरी 'लिमिट १' (फक्त एकच ताजी नोंद) वाल्या.

दुखणं असं की सरासरी वाचन ठीक आहे, पण संध्याकाळी ६ नंतर पी९९ (९९ टक्के वाचनं ज्या वेळेत उरकतात ती) थेट ३०० मिलिसेकंदांच्या पुढे जातं. दिवाळी सेलमध्ये तर टाइमआउटच. सीपीयू मात्र निवांत, जीसीचे (मेमरी साफसफाईचे) थांबेही किरकोळ.

नोडटूल (कॅसँड्राचं कमांड-साधन) इन्फो म्हणतं रो कॅशेचा हिट रेट (कॅशेतच सापडण्याचं प्रमाण) ०.११, की कॅशेचा (नोंद फायलीत कुठे आहे ते लक्षात ठेवणाऱ्या कॅशेचा) ०.९ च्या वर. टेबलहिस्टोग्राम्समध्ये ९५ टक्क्यांच्या ओळीत एका वाचनाला ८ एसएसटेबल (कॅसँड्राच्या डिस्कवरच्या डेटा फायली). कॉम्पॅक्शन (या फायली एकत्र करणं) साइझ टियर्ड (सारख्या आकाराच्या फायली जोडणारं). आणि आयओस्टॅटमध्ये डिस्कवरून सेकंदाला दीड जीबी वाचन! ३०० बाइटच्या नोंदींसाठी एवढं कुठून येतं तेच कळत नाहीये.

मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, हीप ४० करा आणि रो कॅशेही ४० करा. दुसरा सहकारी म्हणतो, समोर रेडिस (रॅममधला वेगळा डेटासाठा) लावून मोकळे व्हा. मला दोन्ही पटत नाही, पण मीटिंगमध्ये मांडायला ठोस मुद्दा हवा. आणि आधी एकाच नोडवर काही करून बघता येतं का?

रात्रपाळी: टूम्बस्टोन (खोडलेल्या नोंदींच्या खुणा) बघितलेत का?

धागाकर्ता: हो. डिलीट कुठेच नाही, टीटीएल (नोंद आपोआप बाद होण्याची मुदत) १८० दिवसांचा. टेबलस्टॅट्समध्ये त्या बाजूने काही वावगं दिसत नाही.

नोडपाळ: हीप ४० अजिबात नको. ३२ जीबीच्या वर गेलात की जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) कॉम्प्रेस्ड पॉइंटर (मेमरीतले छोटे पत्ते) सोडतं, ४ बाइटचा पॉइंटर ८ बाइटचा होतो आणि वाढवलेलं बरंचसं त्यातच जिरतं. वर पेज कॅशेची (डिस्कवरून वाचलेलं ऑपरेटिंग सिस्टिम जिथे धरून ठेवते ती) रॅम गेली ती वेगळीच.

रो कॅशेचं गणित तुमच्या धंद्याशीच जुळत नाही. पार्टिशनवर एक लेखन झालं की त्याची कॅशेतली नोंद बाद होते. आता गिऱ्हाईक बघतं कधी? भिवंडीच्या गोदामात स्कॅन झाला, एसएमएस आला, की लगेच. म्हणजे नोंद बाद झाल्या झाल्या! २० ची ४० केलीत तरी हेच होणार. त्यातून टेबलला रोज-पर-पार्टिशन (पार्टिशनमागे किती ओळी कॅशेत ठेवायच्या) 'ऑल' असेल तर प्रत्येक मिसला अख्खं पार्टिशन वाचलं जातं, तुमचं 'लिमिट १' कितीही असो. एका नोडवर नोडटूल सेटकॅशेकपॅसिटीने रो कॅशे शून्य करा, रीस्टार्ट लागत नाही. ती रॅम पेज कॅशेच्या कामी येईल.

दीड जीबीचं कोडं: ३.११ मध्ये कॉम्प्रेशन चंक (डेटा दाबून ठेवण्याचा तुकडा) डीफॉल्टने ६४ केबीचा असतो. ३०० बाइटसाठी अख्खा चंक उलगडायचा, तोही आठ एसएसटेबलमध्ये, म्हणजे एका वाचनाला ५१२ केबी. डिस्कवर तो थोडा लहान असतो, पण रीड-अहेड (मागितल्यापेक्षा पुढचंही डिस्कवरून आधीच वाचणं) ती बचत खाऊन टाकतं. ब्लॉकडेव्हने (लिनक्सची कमांड) बघा, २५६ (५१२ बाइटचे सेक्टर) दिसलं तर ते १२८ केबी झालं. ८ करा आणि मग कॅसँड्रा रीस्टार्ट करा, कारण आधीच उघडलेल्या फायली जुना आकडाच धरून बसतात.

चंक १६ केबी करा (४.० पासून डीफॉल्टच तो आहे). ४ वर घाईने जाऊ नका. दर चंकला ८ बाइटचा ऑफसेट मेमरीत राहतो: १ टीबी डेटाला ६४ वर १२८ एमबी, १६ वर ५१२ एमबी, ४ वर थेट २ जीबी.

आठ एसएसटेबलवर उपाय लेव्हल्ड कॉम्पॅक्शन (फायली थरांत लावायच्या, म्हणजे एका वाचनाला कमी लागतात), पण त्याने डिस्कवरचं लिहिणं खूप वाढतं. जेएमएक्समधून (चालू कॅसँड्राची सेटिंग बदलण्याचा मार्ग) एकाच नोडपुरतं बदलता येतं, रीस्टार्टला मात्र ते पुसलं जातं. म्हणून रीड-अहेड आधी उरका.

रेडिस वाईट नाही, पण मग दोन्हीकडचा मेळ राखणं आलं. आधी घरचं आवरा.

धागाकर्ता: रीड-अहेड २५६ च निघालं! आणि टेबलला 'ऑल' आहे. आज रात्री एका नोडवर दोन्ही करतो. चंक बदलल्यावर जुन्या फायलींचं काय?

नोडपाळ: त्यांना नोडटूलचं अपग्रेडएसएसटेबल्स (फायली नव्याने लिहिणारी कमांड) 'ए' (सगळ्या फायली) पर्यायासह चालवावं लागेल, एका वेळी एकच नोड. कॉम्पॅक्शन थ्रूपुट डीफॉल्ट सेकंदाला १६ एमबीवर असेल तर ९०० जीबीला पंधरा-सोळा तास लागतील. रात्रीपुरतं वाढवा, संध्याकाळच्या गर्दीआधी खाली आणा. डिस्कवर रिकामी जागा किती आहे तेही आधी बघून घ्या.