जुन्या गिअर सायकलचा बीबी (बॉटम ब्रॅकेट, दोन्ही पायडलांच्या दांड्यांमधला एक्सल आणि त्याचं बेअरिंग) ढिला झालाय. सील्ड (बंद बेअरिंगचा) घालू की बॉलचाच राहू दे?

किणयेकर

मंडळी, सल्ला पाहिजे. सायकल जुनी आहे. स्टीलची फ्रेम, पुढे तीन चकत्या, मागे सात. किणयेहून बेळगावच्या उद्यमबागेत रोज ड्यूटीला तीच नेतो. यंदाच्या पावसात जांबोटी रोडचा तांबडा चिखल पोटभर खाल्लाय तिनं. आता चढावर उठून पायडल मारलं की खालून कट्‌ कट्‌ आवाज यायलाय, आणि क्रँक (पायडलचा दांडा) हातात धरला तर आडवा हलतो.

एका दुकानात दाखवली. त्यांनी डाव्या बाजूच्या रिंगवर छन्नी ठेवून हातोडीनं आवळून दिली. आठवडाभरही टिकलं नाही, वर रिंगच्या खाचा चेपल्या त्या वेगळ्याच. दुसऱ्या दुकानात मालक चांगला होता. म्हणाला, ‘सील्ड घाला, बॉलच्या भानगडीत पडू नका. पण आत्ता स्टॉक इल्ल री, मागवायला पाहिजे. साइज सांगा.’ आता साइज मी कुठली सांगू? ऑनलाइन बघितलं तर 68, 73, 110.5, 113, 118, 122.5, सगळे आकडेच आकडे. आणि घरी बसवता येतो का हो हा?

गडहिंग्लज_पॅडलर

आवाज आला म्हणजे बीबीच असं धरून चालू नका. पायडल, सीटपोस्ट, चकतीचे बोल्ट, सगळे असाच आवाज काढतात. सीटवरून उठल्यावर आवाज बंद होत असेल तर सीटपोस्ट बघा. तुमचा उठल्यावरच येतो म्हणताय, म्हणजे सीट निर्दोष.

टर्नरकाका_उद्यमबाग

किणयेकर, तुम्ही रोज आमच्या शेडवरून जात असणार. असो.

पैसे टाकायच्या आधी एक तपासणी करा. चेन पुढच्या चकतीवरून उतरवून आतल्या बाजूला सोडा. एक हात उजव्या क्रँकवर, एक डाव्यावर. उजवा आडवा ढकला-ओढा, म्हणजे फ्रेमकडे आणि बाहेर. दोन्ही एकदम हलले तर एक्सलच हलतोय, बीबी गेला. एकच हलला आणि दुसरा गप्प राहिला तर बीबीला उगाच बोल लावू नका, तो क्रँक एक्सलवर सैल झालाय. मग क्रँक हातानं गोल फिरवा. वाळू चावल्यासारखं बोटाला लागलं तर आत बॉल आणि कप (बॉल ज्यात फिरतात त्या दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या वाट्या) दोन्ही संपलेत.

सैल क्रँक निघाला तर त्याच दिवशी आवळा, उद्यावर टाकू नका. एक्सल पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. सैल क्रँकवर चालवत राहिलं की त्याचं चौकोनी भोक हळूहळू गोल होतं. मग नवा बीबी घाला, वर नारळ फोडा, आवाज तोच. माझ्याकडे वर्कशॉपातली पोरं सायकली घेऊन येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं आणि हातात मात्र नव्या बीबीचा डबा.

आता माप. जुना बाहेर काढल्याशिवाय ऑर्डर करायची नाही, हे आमचं कायमचं. फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बीबी बसतो तिची रुंदी मोजायची, कप काढून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. 68 निघेल किंवा 73. पाच मिलिमीटरचा फरक शाळेच्या पट्टीवर पण दिसतो. आटे आपल्याकडच्या गिअर सायकलींना बहुतेक बीएसएचे (ब्रिटिश मापाचे), व्यास 1.37 इंच, इंचाला 24 आटे. इटालियन म्हणून दुसरा प्रकार आहे, 36 मिलिमीटर व्यासाचा आणि नळी 70 ची, पण तो कुणाच्या जुन्या रेसिंग सायकलीतच सापडायचा. नळी 70 भरली तर मात्र थांबा आणि मला विचारा.

मग एक्सलची लांबी, टोकापासून टोकापर्यंत. सगळी मेख इथं आहे. आखूड घातला तर छोटी चकती मागच्या खालच्या दांडीला घासते. लांब घातला तर चकत्या बाहेर सरकतात, चेन तिरकी पळते आणि पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा) मोठ्या चकतीपर्यंत पोचत नाही. म्हणून काढण्याआधी चकती आणि दांडी यांच्यातली फट बघून लिहून ठेवा. नवा बसवल्यावर तेवढीच फट आली पाहिजे. जुन्या बॉलच्या एक्सलची उजवी बाजू कधी कधी डावीपेक्षा लांब असते, तेव्हा नुसती एकूण लांबी जुळली म्हणून खूश होऊ नका, फट बघा.

निपाणी_रोडस्टर

काका, सील्डचं एवढं कौतुक कशाला? आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता खाल्लेला, तरी बॉलचा बीबी वर्षानुवर्षं चालतोय. पाव इंची बॉल, एकेका बाजूला 11, ग्रीस भरपूर, झालं. चिकोडीला, संकेश्वरला, कुठल्याही दुकानात बॉल मिळतात. सील्ड गेला की अख्खा फेकायचा, आणि तो गेला की नेमका कुठं जातो? कणकुंबीच्या पुढं, जिथं दुकान नाही तिथं.

टर्नरकाका_उद्यमबाग

निपाणीकर, तुमचं बरोबर आहे, पण एका अटीवर. दर पावसाळ्यानंतर उघडून, रॉकेलनं धुऊन, नवीन बॉल टाकून, खेळ नीट लावून बंद करणारा माणूस पाहिजे. तुम्ही तो आहात. बाकीचे आवाज येईपर्यंत उघडत नाहीत. तोवर कपाच्या आत बॉलच्या वाटेवर खड्डे पडलेले असतात, आणि खड्डे पडलेल्या कपात नवीन बॉल टाकणं म्हणजे त्याच दुखण्यावर पुन्हा पैसे. कप घासून बरा होत नाही, वरचं कडक कातडं गेलं की आतलं लोखंड मऊ. मी लेथवाला असून सांगतोय, लेथवर पण जमत नाही.

किणयेकरांची रिंग छन्नीनं चेपली आहे, कपात चिखल गेलाय, आणि माणूस रोज ड्यूटीवाला. त्यांना सील्ड. तुम्हाला बॉल. आणि कॉटर पिनच्या (क्रँक खिळीनं अडकवलेल्या) काळ्या सायकलींना यातलं काहीच लागू नाही, त्यांचं शास्त्र निराळं.

चंदगडचा_बाळू

होलोटेक (शिमानोचा पोकळ एक्सलवाला प्रकार) घाला की सरळ! एक्सल जाड, वजन कमी.

टर्नरकाका_उद्यमबाग

त्याला क्रँक पण बदलावे लागतात, बाळू. 24 मिलिमीटरचा एक्सल उजव्या क्रँकलाच जोडून येतो. सातच्या फ्रीव्हीलवर ड्यूटीला जाणाऱ्याला तो खर्च कशाला?

किणयेकर

काका, धन्यवाद. तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन्ही क्रँक एकदम हलतात, फिरवताना वाळू लागते. म्हणजे बीबीच. मित्राकडून क्रँकचा पुलर (क्रँक ओढून काढायचं टूल) आणला आणि दोन्ही क्रँक काढले, भोकं चौकोनी आहेत, वाचलो. फट लिहून ठेवलीय, 5 मिलिमीटर. डावी रिंग आणि कप कसाबसा निघाला, एक्सल काढून मोजला, 123 च्या आसपास. उजवा कप मात्र जागचा हलत नाही. पाना लावून उभा राहिलो तरी नाही.

टर्नरकाका_उद्यमबाग

कुठल्या बाजूला फिरवत होता ते आधी सांगा. उजव्या कपाचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो, उलट फिरवला की आवळतो. डावा सरळ. पायडलचं नेमकं विरुद्ध, तिथं डावं उलटं. गोंधळ नको म्हणून असं धरा: पाना कपावर उभा लावला आणि त्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ओढलं की दोन्ही बाजूंचे कप सुटतात, मागच्या चाकाकडे ओढलं की दोन्ही आवळतात.

किणयेकर

पुढच्या चाकाकडेच ओढत होतो. तरी नाही. पाना घसरतोय.

टर्नरकाका_उद्यमबाग

मग गंजानं धरलाय. चिखलाचं पाणी सीटपोस्टच्या खाचेतून नळीत उतरतं आणि बीबीपाशी साठतं, ते सुकत नाही. फ्रेम आडवी टाका, उजवी बाजू वर, कपाच्या कडेनं डब्ल्यूडी-40 सोडा. दुसऱ्या दिवशी उलटी करून आतून सोडा. रात्रभर राहू दे. हातोडीनं पान्याला ठोकू नका, पाना घसरतो आणि कपाच्या कडा गोल होतात.

दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन या, बेंच व्हाइसवर सुटेल. तुमच्या कारखान्यात व्हाइस असणारच, उद्यमबागेत नसेल तर कुठं असेल. दोन्ही चाकं काढायची. उजवी बाजू खाली. कपाच्या दोन सपाट कडा व्हाइसच्या जबड्यात करकचून आवळायच्या, आणि मग पान्याऐवजी फ्रेमच फिरवायची. अख्खी फ्रेम दांड्यासारखी लांब, तिच्यापुढे गंज काय टिकणार. फक्त दिशा लक्षात ठेवा: तुम्ही वरून बघताय, तर फ्रेम घड्याळाच्या दिशेनं फिरवायची. कप खाली अडकलाय, फ्रेम फिरतेय, म्हणून डोकं गरगरतं, पण हेच बरोबर. एकजण फ्रेम पुढून धरेल, एकजण मागून. झटका नको, दाब वाढवत जा. ‘टक्‌’ असा आवाज आला की सुटला.

सुटल्यावर आटे पितळी ब्रशनं साफ करा. फारच भरले असतील तर आमची जुनी युक्ती: जुन्या पोलादी कपाच्या आट्यांवर हॅक्सॉनं आडव्या तीन-चार खाचा पाडायच्या, ग्रीस लावून तो कप आत-बाहेर फिरवायचा. टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) काम करतो. खरा टॅप आणायला गेलात तर सायकलीपेक्षा महाग पडायचा. उजव्या बाजूला उजवाच कप हं, डावा घुसवायला गेलात तर आटे संपले.

किणयेकर

सुटला!! दोघांनी मिळून फिरवली. ‘टक्‌’ आवाज ऐकून शेजारच्या मशीनवरचे पण बघायला आले. नळी 68 भरली, आटे ठीक आहेत. दुकानदाराला 68 आणि 122.5 सांगितलं, मागवतो म्हणाला. बसवायचं आता तुम्हीच सांगा, पार्ट आला की लगेच करतो.

टर्नरकाका_उद्यमबाग

122.5 बरोबर. चौकोनी टोक जेआयएसचं (जपानी मापाचं) मागा. आयएसओ या दुसऱ्या मापाचं टोक थोडं बारीक असतं, क्रँक जास्त आत जातो, मग आपण मोजलेली फट गेली.

बसवायच्या आधी नळीच्या खाली बघा. गिअरच्या वायरी वळवणारी प्लॅस्टिकची पट्टी असते, तिचा स्क्रू आत किती येतो ते बोटानं चाचपा. लांब असला तर सील्डच्या अंगाला टेकतो आणि बीबी अर्ध्यात अडकतो. माणूस समजतो आटे खराब, आणि लावतो जोर. स्क्रू कापून आखूड करा.

आट्यांना ग्रीस. सील्डवर आर आणि एल लिहिलेलं असतं, आर म्हणजे चेनच्या बाजूचा. आधी उजवीकडून अंग घाला, हातानं, पाना न लावता, उलट दिशेनं. पहिले चार-पाच वेढे हातानं मऊ गेलेच पाहिजेत. नाही गेले तर बाहेर काढून पुन्हा. कडा नळीला टेकेपर्यंत आवळा, मग डावीकडून दुसरा कप. तो नळीच्या कडेला टेकला नाही, थोडा आत किंवा बाहेर राहिला तरी चालतं, तो फक्त आधार आहे. यासाठी वीस दात्यांचा स्प्लाइन टूल लागतो, तो दुकानातून मागून घ्या किंवा माझा न्या. जोर 50 ते 70 न्यूटन मीटर.

क्रँकचा बोल्ट 35 ते 50 न्यूटन मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर हिशेब करा: पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सोळा किलोचा भार दिला की चाळीस होतात. क्रँक एक्सलवर ठोकून बसवायचा नाही, बोल्टनंच ओढून घ्यायचा. हातोडी मारली तर आतल्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी मार.

पुलर परत द्यायच्या आधी मित्राला पण एक सांगा. पुलर लावण्याआधी बोल्ट काढायचा, पण बोल्टच्या खाली वॉशर असतो तो पण काढायचा. चिखलात तो दिसत नाही. वॉशर राहिला तर पुलर त्यालाच ढकलतो आणि क्रँकचे आटे उपटून बाहेर येतो.

किणयेकर

काका, बसला! फट 5 च्या जागी साडेपाच आली, चेन घासत नाही, पुढचा डिरेलर तिन्ही चकत्यांवर जातो. आवाज बंद. स्क्रू खरंच लांब होता, कापला. आता दर आठवड्याला क्रँकचे बोल्ट आवळत राहू का?

टर्नरकाका_उद्यमबाग

साडेपाच चालेल. बोल्ट एकदा, दोन-तीन दिवस ड्यूटीला जाऊन आल्यावर, तेवढ्याच टॉर्कनं बघा. त्यानंतर हात लावू नका. दर आठवड्याला आवळत बसलात तर क्रँक एक्सलच्या उतारावर वर-वर चढत जातो आणि भोकाच्या कोपऱ्यात तडा जातो. पावसात भिजून आलात की सीट काढून फ्रेम उलटी करा, नळीतलं पाणी जाऊ दे. आणि टूल शनिवारी आणून द्या, रविवारी शेड बंद असते.